वानखेडेचं मशीन आणि माझं डोकं

हे बघा, हसायचं असेल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता आणि सोफ्याचं कव्हर मला धुवावं लागलं होतं. आणि मध्येच 'म्हणजे तुम्हीच का ते?' असं विचारायचं नाही. कळेल. माझीच अब्रू आहे, ती मला माझ्या वेगानं घालवू द्या!

तर मी तेव्हा हिंजवडीत एका कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिन होतो. अख्ख्या मजल्याचे कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. आता ताब्यात म्हणजे काय, तर प्रिंटर अडकला, बेंद्रेंना बोलवा. माऊस हलत नाही, बेंद्रेंना बोलवा. एकदा तर एसीतून पाणी गळत होतं तरी बेंद्रेंना बोलावलं. ताठ मान कोणाची? प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची. ते ऑनसाइट जाणार, परदेशातून चॉकलेटं आणणार, आणि आम्ही ती चॉकलेटं खात त्यांचे कीबोर्ड झाडणार.

पण एक दिवस माझंही नशीब उघडलं. कंपनीनं मला बंगळूरला एका कोर्सला पाठवलं. विषय काय? डिजिटल फॉरेन्सिक्स! म्हणजे ऑफिसात कोणी काही भानगड केली, कोणी कोणाची तक्रार केली, तर कॉम्प्युटरच्या पोटात शिरून पुरावा बाहेर काढायचा. पुसलेल्या फायली परत आणायच्या, कोणी कधी काय उघडलं ते शोधायचं. मी गेलो तो सुहास बेंद्रे म्हणून आणि परत आलो तो तपास अधिकारी म्हणूनच. चालणं बदललं, बघणं बदललं. घरी साखरेचा डबा उघडा राहिला तर मी झाकणाकडे वाकून बघायला लागलो. आमची बायको मेधा म्हणाली, "मुंग्यांना विचारा. सगळं बघितलंय त्यांनी."

आणि सावधपणा म्हणाल तर तो माझ्या अंगात पहिल्यापासूनच. घराला कुलूप लावलं की मी ते ओढून बघतो. जिना उतरतो, शंका येते, परत चढतो, परत ओढून बघतो. मेधा खाली रिक्षात बसून ओरडते, "अहो, या आता! चोर नाही काढणार ते, तुम्हीच काढाल ओढून ओढून!" तुम्ही नाही ओढून बघत? खरं सांगा! पुण्यात राहून कुलूप न ओढणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

असो. तर आमच्या मजल्याचे प्रमुख होते जोगळेकर साहेब. सदाशिव पेठेतले. आवाज खणखणीत, आणि बोलणं असं की माणसाला अपमान झालाय हे घरी गेल्यावर कळायचं. माझ्या डोक्यावर तेव्हा मागच्या बाजूला केस विरळ व्हायला लागले होते. साहेब माझ्या मागून जाताना थांबायचे आणि म्हणायचे, "बेंद्रे, हा प्लॉट एन.ए. झाला का? पीक बंद दिसतंय." आणि पुढे निघून जायचे. मी हसायचो. काय करणार, अप्रेझल त्यांच्याच हातात ना!

अप्रेझल म्हणजे वर्षाच्या शेवटी साहेबानं प्रत्येकाला द्यायचे मार्क आणि खाली एक शेरा. ते जाहीर होईपर्यंत गुप्त. जोगळेकर साहेबांनी त्याची फाइल सर्व्हरवर ठेवली होती, वर पासवर्ड लावला होता. आणि तरीही एके दिवशी कँटीनमध्ये पोहे खाता खाता लोक एकमेकांना स्वतःचे मार्क सांगायला लागले. नुसते मार्क नाही हो, शेरेसुद्धा! शब्दन् शब्द! टेस्टिंगमधल्या एका पोरीला तिचा शेरा इतका झोंबला की तिनं सरळ साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन विचारलं, "सर, मी 'गप्पिष्ट' आहे का?"

साहेब उडालेच. तडक एचआरच्या शेख मॅडमकडे लेखी तक्रार केली. गोपनीय माहितीची चोरी, गंभीर गैरवर्तन, कडक कारवाई झालीच पाहिजे! शेख मॅडम म्हणजे नाना पेठेतल्या जुन्या घरातल्या, शांत बाई. आवाज कधी चढवायच्या नाहीत, पण चष्म्यावरून बघितलं की खोटी मेडिकल बिलं आपोआप खिशात परत जायची. त्यांनी मला बोलावलं. साहेब तिथेच बसले होते.

"बेंद्रे," साहेब म्हणाले, "कोर्स करून आलात ना? की नुसत्याच इडल्या खाऊन आलात?"

"सर, आठवड्यात चोर तुमच्यासमोर उभा करतो," मी म्हणालो.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते शब्दशः खरं झालं.

त्याच दिवशी मी सर्व्हरवर नोंद चालू केली. कोणत्याही मशीनवरून कोणी त्या फाइलला हात लावला की मशीनचं नाव आणि वेळ तिथे उमटणार. आमच्याकडे मशीनला माणसाचंच नाव द्यायची पद्धत होती. नवं मशीन आलं की मी ज्याचं त्याचं नाव आत टाकायचो, वर स्टिकर चिकटवायचो. चोरानं हात घातला की नावासकट सापडणार! आणि सापळा लावला म्हणून मी काही निवांत बसलो नाही. रोज सकाळी चहा घेऊन जागेवर आलो की पहिलं काम हे, की फाइल सुरक्षित आहे ना याची खात्री करायची. सावध माणूस ना मी!

आठवडा संपला. मी नोंदी काढल्या आणि खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

रोज! सकाळच्या चहानंतर, रोज, एकच मशीन त्या फाइलपाशी येत होतं. उघडायचा प्रयत्न करत होतं, पासवर्ड विचारला की परत फिरत होतं. एक दिवस खाडा नाही! काय हिंमत म्हणायची? मी पाळतीवर बसलेला असताना, माझ्या नाकाखाली? आणि मशीनचं नाव होतं 'पी-वानखेडे'.

प्रशांत वानखेडे. यवतमाळकडचा पोरगा. इंजिनिअर, हुशार, खालमानेनं काम करणारा. डांगे चौकात चौघांत मिळून खोली. नुकतंच त्याचं जर्मनीला ऑनसाइट जायचं ठरलं होतं, पुढच्याच सोमवारचं विमान. त्याच्या वडिलांचे गावात पेढे वाटून झाले होते, आईनं मसाल्याचे डबे कुरिअर केले होते, आणि तो स्वतः ऑफिसात कोट घालून बसायची सवय करत होता.

आता तुम्ही म्हणाल, असा पोरगा चोरी कशाला करेल? मीही तेच म्हटलं असतं. पण कोर्समध्ये शिकवलं होतं की संशयिताच्या वागण्याकडे बघा. आणि वानखेडेचं वागणं? अहो, भलतंच संशयास्पद! गेले तीन महिने तो भेटेल तिथे मला एकच प्रश्न विचारत होता. "सर, माह्या मशीनचं काय झालं?"

त्याचं काय होतं, त्याच्यासाठी सपाट स्क्रीनचं नवंकोरं मशीन आलं होतं. पण नवी मशीन्स आली की आधी काही दिवस आमच्या खोलीत टेस्टिंगला राहतात. तोवर त्याला मी एक जुनं तात्पुरतं दिलं होतं. टेस्टिंगला वेळ लागतोच. पण हा जिन्यात विचारतो, लिफ्टमध्ये विचारतो, बाथरूममध्ये हात धुताना आरशातून विचारतो, "सर, मशीन?" ज्याच्या पोटात पाप नाही तो कॉम्प्युटरसाठी एवढा कासावीस का होईल? सांगा बरं!

मी शेख मॅडमकडे गेलो. त्यांनी कागद बघितला, मग चष्मा काढला.

"बेंद्रे, हे सिद्ध झालं तर त्याचं जर्मनी तर जाईलच, नोकरीही जाईल. बाहेर कुठे दारात उभं करणार नाहीत. पक्कं आहे ना?"

"शंभर टक्के, मॅडम."

"तपासून बघा परत."

"मॅडम, मशीन खोटं बोलत नाही," मी म्हणालो. कोर्समधलं वाक्य. म्हणताना अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

मग जप्ती! पुरावा जप्त करायचा तर रीतसर पाहिजे. हातमोजे पाहिजेत. ऑफिसात हातमोजे कुठे मिळणार? कँटीनमधून पोळ्या वाढायचे प्लॅस्टिकचे आणले. पुरावा सीलबंद पिशवीत पाहिजे. तेवढी मोठी पिशवी कुठे मिळणार? मेधाच्या भावाच्या लग्नातली, साड्यांच्या दुकानाची जांभळी पिशवी घरून आणली. आणि असा मी, हातात तेलकट मोजे, काखेत 'शालू व पैठणी' लिहिलेली पिशवी, भर कामाच्या वेळी वानखेडेच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. अख्खा मजला माना वर करून बघायला लागला.

"वानखेडे, हे मशीन मी ताब्यात घेतोय," मी खर्जातल्या आवाजात म्हणालो.

त्याचा चेहरा असा उजळला, काय सांगू! "नवीन आलं का सर? लय उपकार झाले बाप्पा!"

"नवीन नाही. हे घेऊन जातोय."

"हौ ना सर, न्या ना! थांबा, मी उचलू लागतो." आणि खरंच त्यानं वायरी काढल्या, धूळ पुसली, मशीन पिशवीत घालून माझ्या खोलीपर्यंत पोचवलं. वर जाताना, "सर, चहा सांगू का तुमच्यासाठी?"

बघा! बघा बनेलपणा! मनात म्हटलं, हा साधा चोर नाही. हा मुरलेला आहे.

दोन दिवस मी त्या मशीनच्या पोटात शिरून बसलो. आणि सापडलं काय? काही नाही! त्याचं काम, बहिणीच्या लग्नाचे फोटो, जर्मन शिकायचे धडे. गोपनीय फाइलचा मागमूस नाही. बरं, काही नाही सापडलं म्हटल्यावर शहाण्या माणसाच्या मनात काय यावं? की पोरगा निर्दोष असेल. माझ्या मनात काय आलं? की इतकं स्वच्छ! म्हणजे नक्की पुसलंय!

आणि निघालंच तसं! नीट बघितलं तर डिस्कवर पुसलेल्या फायलींचा एक मोठा गठ्ठा होता. चित्रांचा. नावं गेलेली, पण गाभा शाबूत. कंपनीच्या कॅमेऱ्यानं काढलेले फोटो! म्हणजे पठ्ठ्यानं स्क्रीनचे फोटो काढून ठेवले आणि काम झाल्यावर पुसले. मला आनंदानं घाम फुटला. त्या क्षणी मी ते उघडून बघायला हवे होते. पण नाही! मला नाट्य पाहिजे होतं. कोर्समध्ये आमच्या मास्तरांनी सगळ्यांसमोर पुसलेली फाइल जिवंत करून दाखवली होती आणि टाळ्या पडल्या होत्या. मलाही टाळ्या पाहिजे होत्या हो.

शुक्रवारी चौकशी समिती बसली. मोठ्या मीटिंग रूममध्ये जोगळेकर साहेब, शेख मॅडम, आणि समोर वानखेडे. त्याला आता कुठे कळलं होतं की हे नव्या मशीनचं प्रकरण नाही. कोट घालून आला होता बिचारा. तोंड एवढंसं झालेलं, हात टेबलाखाली.

"सर, मी त्या फाइलले हातबी नाही लावला," तो म्हणाला. "आईशप्पथ. बाबाले काय सांगू मी?"

खोटं कशाला सांगू, पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवायला माझा हात पुढे गेला. पण म्हटलं, सुहास, विरघळू नकोस. तपास अधिकारी आहेस.

मी प्रोजेक्टर लावला. आधी सर्व्हरच्या नोंदी दाखवल्या. 'पी-वानखेडे', रोज, चहानंतर. साहेबांनी भुवया उंचावल्या. मग मी म्हणालो, "आता आरोपीनं नष्ट केलेला पुरावा आपल्या सर्वांच्या डोळ्यांदेखत जिवंत होईल." आणि बटण दाबलं.

पडद्यावर एकेक चौकोन उमटायला लागला.

पहिल्या चौकोनात काहीतरी गोल, गुळगुळीत, मध्ये चमकणारं. कडेनं काळी झालर.

"हे काय आहे?" शेख मॅडम.

"लोड होतंय, मॅडम. पुढे येईल."

दुसरा चौकोन. तेच, जरा डावीकडून. तिसरा. तेच, उजवीकडून. चौथ्यात त्याच्या शेजारी एक पट्टी धरलेली, मोजायची, शाळेतली. मग भराभर यायला लागले. वीस, तीस, पडदा भरला. सगळीकडे तोच गोल! काहींवर तेल चोपडलेलं, त्यामुळे फ्लॅश परावर्तित झालेला.

"चंद्र आहे का हो?" साहेब पुढे वाकून म्हणाले. "ग्रहणाचे फोटो वगैरे?"

"सर, हा काहीतरी सांकेतिक प्रकार असावा," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता माझी नजर त्या पट्टीवर गेली. हिरवी पट्टी, कोपरा तुटलेला. ही पट्टी मी कुठेतरी बघितली होती. कुठे बरं? मग आठवलं.

आता सांगतो. सांगावंच लागेल, इतका वेळ ऐकलंत. वर्षभरापूर्वी मी एक आयुर्वेदिक तेल आणलं होतं, केस परत येण्याचं. आता तेल लागू पडतंय की नाही हे कसं कळणार? सावध माणूस ना मी! दर रविवारी तेल लावून, मेधाला स्टुलावर उभं करून, कंपनीच्या कॅमेऱ्यानं डोक्याचे मागून फोटो काढायचो. शेजारी पट्टी धरायची, म्हणजे टक्कल वाढतंय की घटतंय ते मापात कळतं. फोटो ऑफिसातल्या माझ्या मशीनवर ठेवायचो, कारण घरी कॉम्प्युटर नव्हता. मग तेल संपलं, केस नाही आले, फोटो पुसून टाकले.

ते माझं मशीन. जुनं.

 जोगळेकर साहेब पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग परत पडद्याकडे. आणि अगदी सभ्य, हळू आवाजात म्हणाले, "बेंद्रे, जरा मागे वळता का?"

"सर..."

"वळा हो. लाजताय काय? ओळखपरेड आहे."

मी वळलो! काय करणार? नोकरी होती! प्रोजेक्टरचा झोत बरोब्बर माझ्या डोक्यावर पडला. मागून साहेबांचा आवाज आला, "शेख मॅडम, तिसऱ्या रांगेतला चौथा. जुळतोय?"

"जुळतोय," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज हलत होता. उभ्या आयुष्यात हसू दाबायला त्यांना एवढे कष्ट पडले नसतील.

मी तसाच भिंतीकडे तोंड करून उभा. आणि तेव्हा वानखेडे भीत भीत बोलला, "मॅडम, एक बोलू का? हे मशीन सरचंच होतं ना. मले सरनं त्यांचं जुनं दिलं तात्पुरतं. माह्या नावाचं नवीनवालं सरच्या टेबलावर हाय. तीन महिने झाले. त्याच्यासाठीच तर मी विचारत होतो."

घ्या! टेस्टिंग! अहो, सपाट स्क्रीन होती, मोह झाला. सगळे अ‍ॅडमिन करतात! पण त्या मशीनमध्ये नाव मी आधीच टाकलं होतं, वरचा स्टिकर तेवढा काढला होता. आतलं नाव बदलायचं राहून गेलं.

शेख मॅडमनी चष्मा डोळ्यांवर सरळ केला. "म्हणजे 'पी-वानखेडे' हे मशीन तुम्ही वापरता. मग रोज चहानंतर ती फाइल कोण उघडायला जातं, बेंद्रे?"

मी हळूहळू पुढे वळलो. डोळ्यांपुढे माझा रोजचा कार्यक्रम उभा राहिला. चहाचा कप ठेवायचा. फाइलवर जायचं. उघडायला बघायचं. पासवर्ड मागते का? मागते. छान. बंद करायचं.

"मी फक्त... ओढून बघत होतो, मॅडम."

"काय ओढून?"

"कुलूप."

आता मात्र शेख मॅडम फुटल्या. ओढणी तोंडाला लावून खिडकीकडे वळल्या, तरी खांदे गदगदत होते. वानखेडेही हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पाणी हसण्याचं नव्हतं, हे मला दिसलं. एवढा मोठा पोरगा, कोटाच्या बाहीनं डोळे पुसत होता. तेव्हा मला माझी खरोखर लाज वाटली. टकलाची नाही. एका पोराचं घर मी टाळ्यांसाठी जाळायला निघालो होतो.

"वानखेडे, चुकलं माझं," मी म्हणालो.

"जाऊ द्या सर," तो म्हणाला. "मशीन मात्र द्या."

पण जोगळेकर साहेबांचं समाधान कुठे झालेलं? त्यांनी टेबलावर हात आपटला. "ते ठीक आहे! यांचं डोकं सापडलं, पण माझा चोर कुठाय? शेरे बाहेर गेले कसे? शब्दन् शब्द?"

शेख मॅडम अजून डोळे टिपत होत्या. त्यांनी वानखेडेकडे बघितलं. "प्रशांत, तुला तुझा शेरा कुठे कळला? खरं सांग. तुझं जर्मनी पक्कं आहे, घाबरू नको."

वानखेडेनं साहेबांकडे बघितलं, मग जमिनीकडे. "बसमध्ये, मॅडम."

"कोणत्या बसमध्ये?"

"कंपनीच्या. मी मामाकडे कोथरूडले होतो ना त्या आठवड्यात, तर त्या बसनं यायचो. सर मॅडमशी फोनवर बोलतात ना रोज. घरच्या मॅडमशी."

झालं! जोगळेकर साहेबांचा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. त्यांनी नवा मोबाइल घेतला होता, आणि चांदणी चौकापासून हिंजवडीपर्यंत ट्रॅफिकमध्ये बस रांगायची तेवढा वेळ ते बायकोशी ऑफिसच्या गोष्टी बोलायचे. 'अगं, एक गप्पिष्ट पोरगी आहे, तिला काय देऊ? एक यवतमाळचा आहे, सोन्यासारखा आहे, त्याला पैकीच्या पैकी टाकले.' त्यांच्या मते ते कुजबुजायचे. ड्रायव्हरनं टेप बंद केली होती, म्हणे, नीट ऐकू यावं म्हणून!

साहेब पांढरेफटक पडले.  आणि मला चेव आला! म्हटलं, चला, खड्ड्यात मी एकटा नाही.

"पण हे शक्य नाही," मी छाती काढून म्हणालो. "मी रोज त्याच बसला असतो, साहेबांच्या मागच्याच सीटवर. मला कसं काही ऐकू आलं नाही?"

वानखेडेनं कोटाचं बटण लावलं, परत काढलं.

"बोल की!"

"सर, तुम्ही झोपेल असता. तोंड उघडं टाकून." तो जरा घुटमळला. "तुमचा नंबर आला ना सर, त्या दिवशी तर आम्ही तुम्हाले उठवणार होतो. मग म्हटलं जाऊ द्या, गाढ लागली हाय."

"माझा शेरा काय होता?"

 वानखेडे छताकडे बघत होता, मॅडम कागद लावत होत्या. शेवटी साहेबांनीच घसा साफ केला आणि म्हणाले, "'मेहनती आहे, पण समोर काय चाललंय याचा पत्ता नसतो.' तेव्हा अंदाजानं लिहिलं होतं, बेंद्रे. आता पुराव्यासकट कायम करतो."

वानखेडे सोमवारी जर्मनीला गेला. त्याआधी, शुक्रवारीच, सपाट स्क्रीनचं मशीन मी स्वतः त्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं, स्टिकर परत चिकटवला. अर्ध्या दिवसासाठी का होईना, त्यानं ते वापरलं. जाताना पाया पडायला आला, तर मीच मागे सरकलो. वडिलांनी पाठवलेल्या पेढ्यांतला एक पेढा त्यानं माझ्या हातावर ठेवला. तो गोड लागला नाही असं नाही, पण गिळायला वेळ लागला.

आणि त्या सोमवारी सकाळी मी ठरवलं, आजपासून बसमध्ये झोपायचं नाही. काय वाटेल ते झालं तरी डोळे उघडे! घराला कुलूप लावलं, एकदाच ओढलं, मेधासुद्धा चकित झाली. बसमध्ये साहेबांच्या मागच्या सीटवर ताठ बसलो. चांदणी चौक आला, बस रांगायला लागली, आणि साहेबांचा मोबाइल वाजला. मी कान टवकारले. साहेबांनी हळूच मान वळवून मागे बघितलं. आमची नजरानजर झाली. त्यांनी फोनवर हात आडवा धरला आणि त्यांच्या मते अगदी कुजबुजत म्हणाले,

"अगं, नंतर बोलतो. तेलवाला आज जागा आहे."

आणि बसमधल्या यच्चयावत मंडळींनी मागे वळून माझ्या डोक्याकडे बघितलं!